नागपुरात घरावर वजन किती, वारा किती: वरचा मजला, टिनाचं शेड आणि चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेसा भागात तळमजला अधिक दोन मजल्यांचं आरसीसी घर आहे. त्यावर आणखी एक मजला चढवायचा आणि गच्चीवर २० बाय ३० फुटांचं टिनाचं शेड टाकायचं आहे. मे महिन्यातल्या आंधीनंतर वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली आडवी भेग दिसली, ती वाऱ्याने पडली असं मिस्त्रीचं म्हणणं. शिवाय वर्धा रोडवर चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट पाहून ठेवलाय, पण इतक्या उंचीवर इमारत हलते का, ही धास्ती आहे.

आधी निष्कर्ष सांगतो. नागपूरच्या आंधीत तीन-चार मजली आरसीसी घराचा सांगाडा जाणवण्याइतका हलत नाही. धोका असतो तो घरावर मागाहून चढवलेल्या हलक्या वस्तूंना: शेड, चार इंची पॅरापेट (गच्चीचा कठडा), रिकामी टाकी. तुमची भेग वाऱ्याची नाही. वरच्या मजल्याचा प्रश्न वाऱ्याआधी फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या पायाचा आहे. आणि चौदाव्या मजल्यावर इमारत हलते, हलायलाच हवी. किती हलते हे बिल्डरला आकड्यात विचारता येतं.

वाऱ्याचा हिशेब आय.एस. (भारतीय मानक) ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे करतात, सुधारित आवृत्ती २०१५ ची. त्यात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटरवर, तीन सेकंदांचा झोत, सरासरी ५० वर्षांतून एकदा येईल असा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी हा आकडा मुंबईइतकाच आहे. पुणे आणि नाशिकला तो ३९ आहे. फरक थोडा वाटतो, पण दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे नागपुरात पुण्यापेक्षा दाब सुमारे २७ टक्के जास्त धरावा लागतो. पुण्याचं ड्रॉइंग उचलून नागपुरात वापरणं इथेच अंगाशी येतं.

दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. त्याआधी वेगाला चार गुणक लागतात. त्यातला घरमालकाने समजून घ्यावा असा गुणक परिसराचा. महाल, इतवारीसारख्या दाट वस्तीत आजूबाजूची घरं वारा अडवतात, तो परिसर तिसऱ्या प्रकारात धरता येतो. १० मीटर उंचीला गुणक ०.९१. बेसा, जामठा अशा भागांत, जिथे लेआउटच्या पलीकडे अजून शेत आणि रिकामे प्लॉट आहेत, तिथे दुसरा प्रकार धरावा, गुणक १.०. म्हणजे तेच घर महालात असेल तर मूळ दाब चौरस मीटरला ९८ किलो आणि बेशात असेल तर सुमारे ११८ किलो. "चार-पाच वर्षांत शेजारी घरं होतील" या भरवशावर तिसरा प्रकार धरणं मला मान्य नाही. आंधी शेजारची घरं व्हायची वाट पाहत नाही. टेकडीच्या कडेला, उतारावर घर असेल तर आणखी एक गुणक लागतो आणि तो बऱ्याचदा विसरला जातो.

आता हा वारा तुमच्या घराचं काय करतो ते पाहू. समजा घर १२ बाय १० मीटरचं आहे आणि नवा मजला धरून उंची १३ मीटर. १२ मीटरच्या बाजूवर समोरचा दाब आणि मागचं शोषण मिळून, आय.एस. मधल्या सवलती वजा जाता, एकूण जोर साधारण १६ ते १७ टन येतो. चार स्लॅबच्या या घराचं वजन सुमारे ५०० टन. वजनाच्या तीन-साडेतीन टक्के आडवा जोर. इतक्याने घर उलथत नाही, सरकत नाही. नागपूर भूकंपाच्या दुसऱ्या झोनमध्ये आहे (आय.एस. १८९३, २०१६), तिथे साध्या फ्रेमला वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास आडवा जोर धरावा लागतो, म्हणजे २० टन. वारा आणि भूकंप इथे जवळपास बरोबरीचे आहेत. "झोन दोन आहे, आडव्या जोराचा हिशेब कशाला" असं म्हणणाऱ्याने दोन्हीकडे दुर्लक्ष केलेलं असतं.

हे १६-२० टन अखेर कॉलमनाच पेलायचे असतात आणि तिथे एक घोळ हमखास सापडतो. भिंतीत लपावा म्हणून कॉलम २३० बाय ४५० मिमीचा घेतात आणि बारा कॉलमपैकी बाराही एकाच दिशेला लांब ठेवतात. कॉलमचा कडकपणा लांब दिशेला आखूड दिशेच्या जवळजवळ चौपट असतो: ४५० भागिले २३०, त्याचा वर्ग ३.८. सगळे कॉलम पूर्व-पश्चिम लांब असतील तर घर उत्तर-दक्षिण चौपट लवचिक होतं. उपाय फुकट आहे: निम्मे कॉलम एका दिशेला, निम्मे दुसऱ्या दिशेला लावायचे. तुमच्या ड्रॉइंगमध्ये हे आधी बघा. आणि तळमजला पार्किंगसाठी मोकळा असेल तर वरच्या भिंतींची मदत खाली मिळत नाही, सगळा आडवा जोर उघड्या कॉलमवर येतो. अशा घरावर मजला चढवण्याआधी तिथले कॉलम वेगळे तपासावेच लागतात.

वरचा मजला

इथे उभ्या वजनाचा हिशेब महत्त्वाचा. मधला एक कॉलम घ्या, त्याच्या वाट्याला ४.५ बाय ४ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर स्लॅब येतो. १२५ मिमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३१० किलो, फ्लोअरिंग आणि खालचा मसाला १२५ किलो, राहत्या खोलीचा वापराचा भार आय.एस. प्रमाणे २०० किलो. बीम धरा दीड टन. चार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह धावत्या मीटरला ७३० किलो, आणि साडेआठ मीटर भिंत. कॉलमचं स्वतःचं वजन वेगळं. एकूण एका मजल्याचे एका कॉलमवर सुमारे २० टन. भिंती नऊ इंची असतील तर २५ टन. १५० मिमीचे एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) असतील तर १७ टन.

तीन स्लॅबचं घर म्हणजे ६० टन. फुटिंगचं वजन म्हणून दहा टक्के वर धरा, ६६ टन. जमिनीची क्षमता चौरस मीटरला १५ टन असेल तर फुटिंग २.१ बाय २.१ मीटरचं लागतं, आणि मूळ डिझायनरने तेवढंच दिलेलं असणार. चौथा स्लॅब आला की ८८ टन होतात. त्याच फुटिंगखाली दाब १५ वरून २० टनांवर जातो, एक तृतीयांशाने जास्त. फुटिंग २.४ मीटरचं असायला हवं होतं. कॉलम फुटला नाही तरी घर हळूहळू, असमान खचतं, आणि भेगा दोन पावसाळ्यांनंतर दिसतात. तोवर ठेकेदाराचं बिल चुकतं झालेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग शोधा. त्यात किती मजल्यांसाठी डिझाइन आहे हे लिहिलेलं असतं. नसेल तर एक कोपऱ्याचं आणि एक मधलं फुटिंग तळापर्यंत उघडून मापं घ्या. बाहेरचं एकच उघडून अंदाज बांधू नका, मधल्यावर वजन जवळपास दुप्पट असतं. तळ कशावर टेकलाय ते डोळ्यांनी बघा: काळी माती, मुरूम की कडक दगड. पश्चिम नागपुरात काळा बेसॉल्ट बहुधा लवकर लागतो. पूर्वेकडे खडकाची जात वेगळी, वरच्या थरांची जाडीही बदलते. त्यामुळे शेजाऱ्याच्या खड्ड्यावरून आपला ठरवू नये. तळमजल्याच्या चार-पाच कॉलमवर रिबाउंड हॅमर आणि कव्हर मीटर चालवून काँक्रीटची प्रत आणि सळया तपासा. शंका आली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, काढा.

गच्चीवर कॉलमच्या सळया सोडल्यात हे "वर चढवायला हरकत नाही" याचं प्रमाणपत्र समजू नका. ते फक्त मिस्त्रीचं शहाणपण असतं. शिवाय त्या सळया दीड-दोन फूटच बाहेर असतात आणि दहा उन्हाळे-पावसाळे खाऊन पापुद्रे धरलेल्या असतात. १६ मिमीच्या सळईला जोड ८०० ते ९०० मिमी लागतो. गंज वायर ब्रशने काढून व्हर्नियरने व्यास मोजा. झीज दिसली तर कॉलमचं डोकं फोडून चांगली सळई उघडी करा आणि कपलर (दोन सळया जोडणारी नळी) लावा, किंवा केमिकल अँकरने, म्हणजे भोकात चिकटवणारं रसायन भरून, नव्या सळया बसवा. जुन्या सळईला नवी वेल्डिंगने चिकटवणं मी मंजूर करणार नाही.

बांधकाम चालू असताना आणखी एक चूक होते. कन्हानची रेती वर चढवून एकाच खोलीत ढीग मारतात. एक ब्रास रेती म्हणजे साडेचार टन. ती १० चौरस मीटरवर पसरली तरी चौरस मीटरला ४५० किलो होतात. स्लॅब २०० साठी केलाय. ढीग बीमच्या डोक्यावर, पाव-पाव ब्रासचा, विखरून ठेवायला सांगा.

फुटिंग कमी पडलंच तर जाकीट घालून (भोवती नवं काँक्रीट ओतून) ते रुंद करता येतं, पण खर्च बघता पुष्कळ जण हलका मजला निवडतात: एएसीच्या भिंती आणि वर पत्रा. कॉलमवरचं वजन एक तृतीयांशावर येतं हे खरं. मात्र वजन कमी झालं म्हणजे वाऱ्याला धरून ठेवणारी गोष्टही कमी झाली.

स्लॅबखालची भेग

सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या किंवा बीमच्या लगेच खाली, आडवी, केसासारखी भेग. ही उन्हाची सही आहे. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे १० मायक्रॉन वाढतं. मे महिन्यात गच्चीचा स्लॅब पहाटेपासून दुपारपर्यंत आणि ऋतूगणिक ३० अंशांनी सहज वर-खाली होतो. १५ मीटर लांबीला ती हालचाल साडेचार मिलिमीटर भरते. खालची भिंत सावलीत असते, ती तेवढी ताणली जात नाही, मग स्लॅब आणि भिंत आपापल्या वाटेने जातात. आंधीच्या दिवशी तापलेल्या स्लॅबवर अचानक गार पाऊस पडतो आणि भेग त्याच संध्याकाळी नजरेला येते. म्हणून वाऱ्यावर आळ येतो.

उपाय: गच्चीवर चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक लेप. भेगेच्या रेषेतलं प्लास्टर १५० मिमी रुंद पट्टीत काढून दोन्ही बाजूंना सारखी बसेल अशी जाळी खिळ्यांनी ताणून मारा आणि पुन्हा प्लास्टर करा. स्लॅबच्या रेषेवर १० मिमीची खाच सोडा, म्हणजे पुढची हालचाल त्या खाचेत जिरेल. नव्या मजल्यावर भिंतीचा शेवटचा थर लगेच ठासून भरू नका, निदान पंधरा दिवस जाऊ द्या.

भेग तळमजल्यावर, कोपऱ्यातून किंवा खिडकीच्या कोनातून तिरपी गेली असेल, उन्हाळ्यात रुंदावत आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर ते काळ्या मातीचं काम. पेन्सिलने भेगेची टोकं खुणेने बांधा, तारीख लिहा, रुंदी मोजा. मार्च, जून आणि सप्टेंबर अशा तीन नोंदी झाल्या की कारण स्वतःच बोलतं. तिथे उपाय जमिनीत असतो: घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार दिलेली पट्टी, पावसाळी पाणी दूर नेणं, भिंतीलगतची मोठी झाडं टाळणं.

टिनाचं शेड

यावर जरा थांबतो, कारण नुकसान सर्वाधिक इथेच होतं आणि माणसंही इथेच जखमी होतात.

तुमचं शेड ६ बाय ९ मीटर, क्षेत्र ५४ चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा आणि पाइपचा सांगाडा मिळून चौरस मीटरला १५ किलो धरा. संपूर्ण शेडचं वजन जेमतेम ८०० किलो. वारा वरून जाताना पत्र्यावर शोषण निर्माण करतो आणि उघड्या बाजूंनी आत शिरून खालून ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेने, वर. बेशाच्या परिसरात तीन मजल्यांच्या उंचीवर हा उचल-जोर चौरस मीटरला १२०-१२५ किलो धरावा लागतो. ५४ चौरस मीटरला साडेसहा ते पावणेसात टन. वजन ८०० किलो, उचल त्याच्या आठपट. फॅब्रिकेटर "एकदम दणकट, दोन माणसं वर चालतात" असं सांगतो तेव्हा तो खाली दाबणाऱ्या वजनाबद्दल बोलत असतो. इथे प्रश्न उलट्या दिशेचा आहे.

शेड कसं उडतं ते क्रमाने पाहिलं की काय बांधायचं ते कळतं. पॅरापेटच्या बाहेर दोन फूट काढलेल्या पत्र्याच्या कोपऱ्याखाली आधी वारा शिरतो. कोपऱ्यात आणि कडेला शोषण मधल्या भागाच्या दुप्पट-अडीचपट असतं. तिथला पहिला स्क्रू पत्रा फाडून सुटतो, स्क्रू जागेवरच राहतो आणि पत्र्याला भोक मोठं पडतं. त्याचा भार शेजारच्या स्क्रूवर जातो, तोही सुटतो, आणि पूर्ण ओळ चेन उघडावी तशी उघडते. पत्रा टिकला तर पर्लिनचं (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पाइपचं) टाका मारलेलं वेल्डिंग तुटतं. तेही टिकलं तर पाय उपटतात, कारण पायाची प्लेट बहुधा वॉटरप्रूफिंगच्या कोब्यात दोन बोल्टांवर बसवलेली असते. विटांचे तुकडे आणि मसाला यांचा तो कोबा. त्यात बोल्टला पकड नसते.

बांधणी अशी करा. सहा पाय घराच्या कॉलमच्या डोक्यावरच यायला हवेत. मधल्या दोन पायांच्या वाट्याला साडेतेरा चौरस मीटर येतं, म्हणजे सुमारे १.७ टन उचल. सुरक्षा गुणक धरून अडीच टनांसाठी बांधा. कोबा फोडून कॉलमचं काँक्रीट उघडं करा, १२ मिमीच्या चार सळया २०० मिमी खोल केमिकलने बसवा, भोक ब्रश आणि हवेने साफ केल्याशिवाय केमिकल भरू देऊ नका. धूळ राहिली तर सळई हाताने निघते. त्यावर ३०० बाय ३०० आणि ४०० मिमी उंच पेडेस्टल ओता, त्यात १६ मिमीचे चार जे-बोल्ट सळयांना बांधून सोडा, वर किमान १० मिमी जाडीची प्लेट. पेडेस्टलभोवती वॉटरप्रूफिंगला गोलाई द्या. पाय पाण्याबाहेर राहतो, गंजत नाही, हा वेगळा फायदा.

पर्लिनमधलं अंतर मध्ये मीटर ते सव्वा मीटर, कडेच्या पहिल्या दोन ओळींत पाऊण मीटर. स्क्रू कडेच्या आणि माथ्याच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या पर्लिनवर एक सोडून एक. रबरी वॉशर असलेलेच. बाहेर पत्रा ३०० मिमीपेक्षा जास्त काढू नका. पायांना दोन्ही दिशांना तिरके ब्रेसिंग. पर्लिन आणि पाइपच्या जोडाला चारही बाजूंनी वेल्डिंग, त्यावर लगेच झिंक प्रायमर. आणि पुढे कधी तीन बाजू पत्र्याने किंवा जाड ताडपत्रीने बंद करायचा मोह झाला तर हिशेब नव्याने करा: एका बाजूने उघडी पेटी झाली की वारा आत कोंडतो आणि उचल आणखी वाढते. सोलर पॅनल आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर बसवून त्याचंच छत करायचं असेल तरी हाच नियम. पॅनलचं वजन चौरस मीटरला ११-१२ किलो, वाऱ्यापुढे तेही पत्र्यासारखंच.

गच्चीवरच्या बाकी गोष्टी. चार इंची विटेचा मीटरभर उंच पॅरापेट, मध्ये कुठेही आरसीसीचा आधार नसलेला, हा मला शेडइतकाच घातक वाटतो. वारा त्याला बुडाशी दर मीटर लांबीमागे ६५ च्या आसपास उलथवणारा जोर (किलो गुणिले मीटर) लावतो आणि त्याचं स्वतःचं वजन त्यातला जेमतेम १३ धरून ठेवतं. तो उभा असतो तो फक्त मसाल्याच्या ताणावर, आणि त्या सांध्यात ऊन-पावसाने भेग आली की संपलं. दर दोन मीटरवर स्लॅबमधून दोन-दोन १० मिमी सळया काढून आरसीसी खुंट, माथ्यावर ७५ मिमीची सलग पट्टी, एवढं पुरतं.

हजार लिटरची प्लास्टिक टाकी भरलेली असते तेव्हा टनभर, रिकामी झाली की वारा तिच्यावर ८०-१०० किलोने ढकलतो. एप्रिल ते जून तिसरा हिस्सा तरी पाणी ठेवा आणि पट्टीने बांधा. गच्चीवर बाग करायची असेल तर फूटभर ओली माती चौरस मीटरला साडेपाचशे किलो होते. वापराच्या गच्चीचा भार दीडशे धरलेला असतो.

आणि कूलर. तीन फुटी लोखंडी कूलर पाण्यासकट सव्वाशे-दीडशे किलो, तो खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. छज्जा चौरस मीटरला ७५ किलोसारख्या भारासाठी केलेला असतो, त्याची सळई वरच्या अंगाला असते आणि काम करताना पायाखाली दबून खाली गेलेली असू शकते. त्यावर चार महिने पाणी ठिबकतं, सळई गंजते. कूलर जमिनीवरून उभ्या केलेल्या स्टँडवर ठेवा. वरच्या मजल्यावर असेल तर भिंतीआड बाल्कनीत, तिचा भार ३०० किलो धरलेला असतो.

चौदावा मजला

४५ मीटरच्या आसपास उंचीच्या इमारतीची एकदा पुढे-मागे होण्याची वेळ सेकंदाच्या आसपास असते. आय.एस. ८७५ म्हणतं की कंपनसंख्या सेकंदाला एकपेक्षा खाली गेली, किंवा उंची रुंदीच्या पाचपटींहून जास्त झाली, की झोताचा गतिमान परिणाम वेगळा काढायचा. तुमची इमारत नेमकी या सीमेवर आहे. म्हणून पहिला प्रश्न: गस्ट फॅक्टरचा हिशेब केलाय का?

दुसरा: माथ्याचं सरकणं किती? आय.एस. ४५६ प्रमाणे वाऱ्याखाली ते उंचीच्या पाचशेव्या भागाच्या आत हवं, इथे ९० मिमी. ही कमाल मर्यादा आहे. लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती असलेल्या इमारतीत आकडा याच्या बराच खाली यायला हवा. माणसाला सरकणं कळत नाही, त्वरण कळतं. ५० मीटरवरच्या इमारतींसाठी असलेल्या आय.एस. १६७०० मध्ये राहत्या इमारतीला दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात सेकंदवर्गाला ०.१५ मीटर ही मर्यादा आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीड टक्का. इमारत ४५ मीटरची असली तरी हा आकडा मागायला हरकत नाही. ही मर्यादा पाळली असेल तर जोरदार आंधीत क्वचित झुंबर हललेलं दिसेल, एवढंच. रात्री ऐकू येतो तो आवाज बहुधा स्लायडिंग खिडकीच्या फटीचा आणि डक्टचा असतो.

तिसरा: मूळ वेग ४४ धरलाय ना, आणि परिसर कोणता? वर्धा रोडला उघड्या बाजूने वारा येतो, तिथे तिसरा प्रकार धरला असेल तर कारण मागा. चौथा: लिफ्टचा गाभा मध्यात आहे की एका टोकाला? टोकाला असेल तर इमारत वाऱ्यात पिळवटते आणि दूरच्या टोकाच्या फ्लॅटला हालचाल जास्त मिळते. पाचवा: दोन विंगमधली फट मोकळी आहे का? जागेवर जाऊन टॉर्चने बघा. मसाला, फळ्या, थर्माकोल अडकलेला असेल तर विंग एकमेकांवर आपटतील आणि भेगा जिन्याजवळ निघतील.

कोपऱ्याचा फ्लॅट असेल तर खिडक्यांची काच आणि फ्रेमचे स्क्रू खास बघा; इमारतीच्या कोपऱ्यात शोषण जास्त असतं आणि काच आत फुटण्याऐवजी बाहेर ओढली जाते. आणि इमारत मिव्हान पद्धतीने (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र) ओतलेली असेल तर तुमच्या घरातल्या काँक्रीटच्या भिंती हाच वाऱ्याचा सांगाडा आहे. एसीच्या पाइपसाठी आधी सोडलेली जागाच वापरा; दार रुंद करायला किंवा दोन खोल्या एक करायला त्या भिंतीला कटर लावायचा नाही.